पिवळ्या खडूचा गोल

भूतबीत मी मानत नाही, हे आधीच सांगून टाकतो. वीस वर्षं चाकणच्या एका कंपनीत प्रॉडक्शनला आहे आणि आजवर मला छळलं ते फक्त क्वालिटीच्या माणसांनी. तयार पार्टवर दोष दिसला की खडूने गोल मारायचा आणि निघून जायचं... मग आम्ही बसायचं रिवर्क करत. शिफ्ट संपत आली की लाईनवरचे काय करतात, हे तिथे काम केलेल्यांना माहीत आहे. ओल्या फडक्याने गोल पुसायचा आणि पार्ट पुढे ढकलायचा. मीही ढकललेत. लाज वाटते, पण पुढे याचाच संबंध येणार आहे.

आम्ही ताथवड्यात राहतो, तिसऱ्या मजल्यावर – मी, बायको सुनीता आणि माझी आई. मणक्याच्या ऑपरेशननंतर आईला अर्धा तासही बसवत नाही. तिची थोरली बहीण लातूरकडे गावी अंथरुणाला खिळलेली. आईला तिला एकदा डोळे भरून बघायचं होतं, बाकी काही नाही. मी म्हटलं, ॲम्ब्युलन्स करू. तर म्हणाली, "ॲम्ब्युलन्समधून तिच्या दारात उतरले तर तिला वाटंल मीच आधी चालले. मी नाही यायची तसल्या गाडीत."

म्हणून ती व्हॅन घेतली. आकुर्डीच्या एका काकूंकडे होती. त्यांच्या मिस्टरांनी रिटायर झाल्यावर जुन्या स्कूल व्हॅनमध्ये झोपायला पलंग, छोटा ओटा, पंखा असं सगळं स्वतः बसवलं होतं. पण फिरायला निघायच्या आधीच ते गेले, आणि गाडी दोन पावसाळे उघड्यावर भिजली. इंजिन झकास, पत्रा मात्र जागोजागी गंजलेला. गॅरेजवाल्याने हात वर केले. म्हटलं, आपणच करू, वेल्डिंग तर आयटीआयपासून येतं. आमच्या गॅलरीखालीच शेजारच्या तात्यांचा मोकळा प्लॉट आहे, तिथे गाडी लावली. गेटला कुलूप, किल्ल्या दोनच – एक तात्यांकडे, एक माझ्याकडे.

आणि तिथे मी कंपनीत करतो तेच केलं. दाराखालचा गंज वरवर घासला, भोकात जाळी कोंबली, वरून पुट्टी आणि रंग. एका रविवारात एक बाजू चकाचक.

सोमवारी पहिली शिफ्ट करून चारला आलो, तर ताज्या रंगावर पिवळ्या खडूचा गोल. टोकं न जुळलेला, खाली दोन आडव्या रेघा. पोरांचे उद्योग असतील म्हणून पुसला... हात आपोआपच फडक्याकडे गेला. मंगळवारी परत तिथेच गोल. डोकंच सटकलं. रागाने मधोमध अंगठा दाबला, तर पुट्टीचा अख्खा पापुद्रा खाली पडला. आत पत्रा उरलाच नव्हता.

तात्या दिवसभर गेटजवळ खाट टाकून असतात. त्यांना विचारलं. "न्हाई बा, कुनीच आलं न्हाई. आमी हितंच हाय की," म्हणाले.

पुढचे पाच आठवडे... काय सांगू राव. गंजका भाग कापायचा, चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जायचं, नवा तुकडा जोडायचा, घासायचं. एक जागा नीट झाली की दोन दिवसांत दुसरीकडे गोल. चाकाच्या वरच्या पत्र्यावर, छताच्या कडेला, मागच्या दाराच्या बिजागरीपाशी. आणि एकदाही – एकदाही – तो चुकीच्या जागी नव्हता. स्क्रूड्रायव्हर टोचला की आत गंजाचा भुसा. मला भीती नाही वाटली, संताप आला. कंपनीत आठ तास हेच, घरी येऊन परत हेच. घरात मी कुणालाच काही बोललो नाही. आईच्या जिवाला आणखी घोर नको होता. तिकडून मावसभावाचा फोन आला की मावशीने जेवण सोडलंय. सुनीता म्हणाली, "अजून किती दिवस घासत बसणार आहेस?" मी ग्राइंडर उचलून खाली गेलो.

मध्ये एकदा गाडी नावावर करायच्या कागदावर सही हवी होती म्हणून काकूंकडे गेलो. चहा पिताना त्या सहज म्हणाल्या, "आमचे हे कंपनीत पेंट शॉपला इन्स्पेक्टर होते ना. कानावर कायम खडू. घरातसुद्धा कुणाचं काम पास करायचे नाहीत." आणि स्वयंपाकघराच्या दारामागे सुताराच्या कामावर त्यांनी मारलेला गोल दाखवला. टोकं न जुळलेला. खाली दोन रेघा. चहा अर्धाच ठेवला. मी सही घेतली आणि निघालो.

शेवटी सगळं झालं. रविवारी पहाटे निघायचं ठरलं. शनिवारी दुपारी गाडी उघडली, तर आत पलंगाखाली, उशीच्या बाजूला, फ्लोअरवर गोल. गाडी लॉक होती आणि किल्ली माझ्या खिशात होती. आता मात्र मी भडकलो. तिकडे मावशीचं काय होईल सांगता येत नव्हतं. फडकं ओलं केलं, खसाखसा पुसलं, गाडी लॉक करून टपरीवर चहा मारून आलो. गोल परत होता. मी तिथेच बसून मोठ्याने म्हणालो, "अहो, सोडा की आता. म्हातारीला बहिणीला भेटायचंय."

मग गुपचूप स्क्रूड्रायव्हर घेतला. मुठीपर्यंत आत गेला. वर रबराची मॅट चिकटवलेली म्हणून कधी दिसलं नव्हतं. पलंगाचा पुढचा बोल्ट त्याच कुजक्या पत्र्यात होता आणि खाली गाडीचा फिरता शाफ्ट. आईचं डोकं बरोबर त्याच्यावर येणार होतं. वर जाऊन सांगितलं, उद्या निघायचं नाही.

आणखी चार दिवस गेले. फ्लोअर कापला, जाड पत्रा घातला, बोल्ट नवे टाकले. त्यानंतर गोल आला नाही.

आई सगळा रस्ता आडवी झोपून आली. मावशी अजून होती. डोळे उघडून ओळखलं तिने, आईचा हात धरला आणि पुटपुटली, "किती उशीर केलीस गं."

आई म्हणाली, "काय करू आक्का, त्यो माणूस गाडी पासच करंना की."

मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. बाहेर आल्यावर विचारलं, कोण माणूस?

"तूच बोलावलास ना? रोज दुपारी यायचा की. मी गॅलरीतून बघायचे. कानाला खडू लावलेला. चहा विचारला तर हातानंच नको म्हणायचा."

"शेवटी कधी आला होता?"

"निघायच्या आदल्या दुपारी. गाडीभोवती एक फेरी मारला, कानाचा खडू काढून खिशात टाकला आन् गेला."

मावशी त्यानंतर आठवड्याने गेली. मी आजही भूत मानत नाही, आणि तात्या आजही सांगतात की गेटमधून कुणी आलं नाही. याचं काय करायचं ते मला कळत नाही. तक्रार एकच आहे – सगळे गोल पहिल्याच दिवशी मारले असते, तर आईला तिथे अजून महिनाभर राहता आलं असतं. पण पहिल्याच दिवशी मारले असते, तर मी ते सगळे पुसले असते.