चार सारख्या पिना

लढाईच्या वर्षांत अमरावतीत माझं रेडिओ दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. तेव्हा केलेलं एक काम मी लिहून ठेवतो आहे, कारण ज्याला सांगायला हवं होतं त्याला ते मी कधीच सांगितलं नाही.

नांदगाव पेठेकडे एका म्हाताऱ्या माळ्याचा संत्र्याचा बगीचा होता. त्याचा एकुलता मुलगा पलटणीबरोबर समुद्रापार गेला होता. जाण्याआधी त्याने बापाला हट्टाने बॅटरीवरचा रेडिओ घ्यायला लावला होता. शिपायांचे निरोप त्यांच्याच आवाजात संध्याकाळी रेडिओवर ऐकवत. ‘दिवाळीच्या सुमारास माझाही निरोप लागेल,’ असं मुलाचं पत्र आलं, आणि त्याच आठवड्यात कुणाचा तरी पाय वायरीत अडकून बॅटरीचा प्लग फुटला.

त्या प्लगला चार पिना असत, दोन जाड आणि दोन बारीक. बॅटरीवरची भोकंही तशीच, त्यामुळे तो उलटा बसतच नसे. उलटा बसला असता तर सेटमधले सगळे व्हॉल्व्ह, म्हणजे ज्यांवर सेट चाले ते काचेचे दिवे, एका क्षणात जळाले असते.

अमरावतीत तसा प्लग नव्हता म्हणून अकोल्याला गेलो. जठारपेठेतला जुन्या सामानाचा व्यापारी हसला.

“लढाई सुरू हाये अन् तू इलायती माल मांगून राहिला! सोमवारी ये. एक जुना सेट मोडाले येऊन राहिला, त्यातून अस्सल निघते. घाई असन तर हा घेऊन जाय.”

त्याने पुढे केलेल्या प्लगच्या चारही पिना बारीक होत्या. सोमवार चार दिवसांवर होता. मला दुसरी खेप नको होती. मी तोच घेतला, माळ्याच्या घरी येऊन बॅटरीच्या जाड भोकांत सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद कोंबला, आणि सेट बोलू लागला.

“हा प्लग काढू नका, बुवा,” मी म्हटलं.

“मी काहून काढू गा? तो काय बैलाचा दोर हाये, रोज सोडाले?”

कुठली बाजू वर, ते कळावं म्हणून त्यावर लाल ठिपका द्यायचा होता. रंगाची डबी दुकानात राहिली होती. नंतर देऊ, असं म्हणून मी निघालो आणि पुन्हा गेलोच नाही.

खंडेनवमीला म्हाताऱ्याने कुदळी, विळे, मोट यांच्या ओळीत रेडिओही पूजेला मांडला. पुसण्यासाठी प्लग काढला, हळदकुंकू वाहिलं आणि परत खोचला.

दुसऱ्या दिवशी तो सेट बैलबंडीत घालून घेऊन आला. मी व्हॉल्व्ह तपासले. एकही उरला नव्हता.

“प्लग उलटा लागला, बुवा.”

“मंग म्याच जाळला,” तो म्हणाला. “पूजा कराले गेलो अन् जाळून बसलो.”

आधीचा प्लग उलटा बसूच शकत नव्हता, हे मी बोललो नाही.

व्हॉल्व्ह कुठेच मिळाले नाहीत. मी त्याला संध्याकाळी दुकानात ऐकायला बोलावलं. तो रोज पायी येई, स्टुलावर बसे आणि शेवटचा निरोप झाला की उठे. तिसऱ्या आठवड्यात त्याला ताप भरला. तो आला नाही त्याच संध्याकाळी मुलाचं नाव पुकारलं गेलं. मी एकट्याने ऐकलं. ‘मी खुशाल आहे, बाबा, बगीच्याचं पाणी चुकवू नका,’ एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या खाटेपाशी जाऊन शब्द सांगितले.

“आवाज कसा होता गा त्याचा? खोकला तं नोयता?”

मुलाला मी कधी पाहिलंही नव्हतं. खोकला ऐकल्याचंही मला आठवत नव्हतं.

“चांगला होता,” मी म्हणालो.

मुलगा परत आला नाही. तार आल्यावर मी भेटायला गेलो. बसलेल्या लोकांना म्हातारा सांगत होता, “त्याचा आवाज आला होता. पन रेडिओ म्या जाळला ना.” मग माझ्याकडे हात करून म्हणाला, “या भाऊनं तं बराबर करून देल्ला होता.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली आणि समोर आलेला चहा प्यायलो.