सहा वाजून दहा मिनिटांचा आवाज

"आला बघा," मम्मी म्हणाली.

शेजारच्या काकू विरजण न्यायला आल्या होत्या. हातातली वाटी तशीच धरून त्यांनी दाराकडं पाहिलं. दारात कुणीच नव्हतं. "कोण आलं, वैनी?"

"आमचा. ऐका की जरा."

मी मधल्या खोलीत चहा घेत होते. स्वयंपाकघराच्या दाराशी इन्व्हर्टरशेजारी काळा डबा आहे, त्यातून किर्र किर्र आवाज यायला लागला होता. वाळलेली ज्वारी कुणीतरी सुपात हलकेच फिरवावी तसा. चार-पाच मिनिटं चालायचा आणि थांबायचा.

"रोज सहा-दहाला येतो," मम्मी भाकरी थापत म्हणाली. "तिथं त्याची रात असती. झोपायच्या आधी घर बघून जातो."

"डब्यात शिरून घर बघतंय, आणि आईला फोन करायला बोटं दुखतात व्हय?" काकू म्हणाल्या.

"साकु," मम्मी म्हणाली. तिचं माहेर सीमेपलीकडचं. विषय संपवायचा असला की ती कन्नडमध्ये 'पुरे' म्हणते. काकू विरजण घेऊन गेल्या.

तो डबा म्हणजे आमच्या घरचा सर्व्हर. माझ्या थोरल्या भावानं परदेशी जायच्या आधी तो उभा केला. उमरग्यातल्या एका दवाखान्यानं टाकून दिलेला जुना संगणक, त्यात आणखी एक डिस्क. घरातले फोटो, पप्पांच्या स्पेअर पार्टच्या दुकानाची कागदपत्रं, आमच्या मार्कशीट, सगळं त्यात. जाताना त्यानं मम्मीला सांगितलं होतं, "मी तिकडून रोज याच्यात येईन. आवाज आला की समज, मी आलोय." त्याला तेव्हा ती गंमत वाटली असेल. मम्मीनं ती नेमासारखी धरली.

पहिलं वर्ष तो खरंच यायचा, फोनही करायचा. मग त्यानं तिकडचीच एक मुलगी पसंत केली आणि पप्पा त्याला फोनवर म्हणाले, "यायचं असलं तर एकट्यानं ये." त्यानं फोन ठेवला तो ठेवलाच. मी दोनदा मेसेज केला. दोन्ही वेळा उत्तर आलं, नंतर बोलतो. पप्पा घरात त्याचं नाव घेत नाहीत. मम्मीही घेत नाही. पण आवाज चालू राहिला, आणि पोरगा बोलत नसला तरी रोज येऊन जातो, एवढ्यावर तिचे दिवस चालले होते.

गेल्या उन्हाळ्यात त्या आवाजात मधूनच टक् टक् असं यायला लागलं. संगणकाची सिस्टीम ज्या जुन्या डिस्कवर होती ती मरायला टेकली होती. लाईट जाऊन आली की मशीन उठायला दहा-दहा मिनिटं घ्यायचं, कधी उठायचंच नाही. मी घरूनच एका कंपनीचं काम करते, त्यामुळं हे माझ्याकडंच आलं. मी सोलापूरहून एक एसएसडी, म्हणजे नव्या जातीची डिस्क, आणली. तळहाताएवढी, वजन जवळपास नाही. फोटोंची डिस्क चांगली होती, ती तशीच राहणार होती. फक्त सिस्टीम नव्या ठिकाणी हलवायची होती.

रविवारी दुपारी मी बसले. जुन्या डिस्कची नक्कल करायच्या आधी मशीनवर दुसरं कुणी काम करत नाही ना, हे बघावं लागतं. मी आत कोण कोण आलं होतं त्याची यादी उघडली. माझं नाव, माझं नाव, माझं नाव. खाली खाली गेले. भावाचं नाव सापडलं तेव्हा बाजूची तारीख मी दोनदा वाचली. सतरा महिन्यांपूर्वीची. पप्पांशी बोलणं झालं त्याच आठवड्यातली.

मग सहा-दहाचा आवाज कसला, तेही सापडलं. मशीन रोज त्या वेळी त्या जुन्या डिस्कची तपासणी करायचं. दादानंच ते लावून ठेवलं होतं. पहिल्या वर्षी तो त्याच सुमाराला यायचा म्हणून दोन्ही एकत्र ऐकू यायचं. नंतर मशीन एकटंच आवाज करत राहिलं.

मम्मी बाहेर पापड वाळत घालत होती. उठून तिला सांगावं असं मला वाटलं. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळं म्हणा की स्वभावामुळं, माझं वाक्य आधी डोक्यात इंग्रजीत तयार होतं, मग मी ते मराठीत करत बसते, आणि तोवर बोलण्याची वेळ निघून जाते. मी उठले नाही. नक्कल सुरू केली.

जुन्या डिस्कवरच्या काही जागा वाचताच येत नव्हत्या, दोनदा काम अडलं. तिसऱ्यांदा पूर्ण झालं. एसएसडी बसवली, बटण दाबलं, तर पडद्यावर नुसती एक रेघ लुकलुकत राहिली. मशीन अजून जुन्याच डिस्कला शोधत होतं. त्याला नवी जागा दाखवली तेव्हा ते वीस सेकंदांत उठलं. जुनी डिस्क मी कपाटात ठेवली.

सोमवारी सकाळी सहा-दहा झाले. मम्मीनं तव्यावरची भाकरी उलटली, गॅस बारीक केला आणि थांबली. भाकरीला डाग पडायला लागले.

"आज आला न्हाय का ग?"

"नवीन डिस्कला आवाज नसतो, मम्मी." हे खरं होतं.

"मग कळायचं कसं?"

"मला दिसतं आत."

"मग बघ की."

मी लॅपटॉपकडं पाहिलं. तो उघडलाही नव्हता. "आला होता," मी म्हणाले.

तिनं भाकरी उतरवली. त्या दिवसापासून ती मला रोज विचारायची. दुसरं काही बोलायची नाही. पोळपाट पुसता पुसता, पाठमोरीच, "आला होता?" आणि मी म्हणायचे, हो. एक शब्द. एवढं सोपं मी कधीच बोलले नसेन. कधी कधी ती पुढं विचारायची, "किती वेळ होता?" मी म्हणायचे, चार-पाच मिनिटं.

श्रावणात तिला छातीत गाठ लागली. उमरग्याच्या डॉक्टरांनी सोलापूरला पाठवलं. तिथं सुई घालून तपासणी झाली, आणि आठ दिवसांनी जो रिपोर्ट आला तो मी पप्पांच्या आधी वाचला, कारण तो इंग्रजीत होता. ऑपरेशन लागणार होतं. लवकर. पप्पा दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि मला म्हणाले, "तिला एवढं सगळं सांगू नको." पण तिनं माझ्या तोंडाकडं बघून ओळखलं होतं.

घरी आल्यावर मी म्हणाले, "दादाला कळवू का?"

"न्हाय. कळवायचं न्हाय. माझी शपथ हाय तुला." तिनं माझा हात तिच्या डोक्यावर ठेवून घेतला. शपथ मोडली तर तिलाच काही होईल, असा त्याचा अर्थ. त्या आठवड्यात तो हात काढून घेणं मला जमलं नाही. मग ती हळूच म्हणाली, "कागद मशीनवर टाक. येतो की रोज. दिसंल त्याला. त्याच्या मनानं फोन केला तर केला. मागून घेतल्यासारखं नको."

मी रिपोर्ट स्कॅन केला. फोटोंच्या फोल्डरमध्ये सगळ्यात वर ठेवला, मम्मीच्या नावानं. तो बघायला कुणी येत नाही हे माहीत असून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं विचारलं, "आला होता?"

त्या एका सकाळी मी नाही म्हणाले असते तरी चाललं असतं. पण तोंडाला सवय लागली होती. "हो," मी म्हणाले.

ती त्या दिवशी फोन कंबरेला खोचून फिरत होती. पाणी भरताना, देवपूजा करताना, काकूंकडं गेली तेव्हाही. रिंग वाजली की पदराला हात पुसायची. एकदा सिलिंडरवाल्याचा होता, एकदा मावशीचा. तिसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो म्हणाले. आता नाही म्हटलं तर आधीचे सगळे हो कुठं ठेवायचे, ते मला कळत नव्हतं. पाचव्या दिवसापासून तिनं विचारणं सोडलं. मला सुटल्यासारखं वाटलं. ते लिहायला अजून लाज वाटते.

सोलापूरला निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ती पिशवी भरत होती. दोन गाऊन, टॉवेल, विभूतीची डबी. काकू कपड्यांच्या घड्या घालून देत होत्या.

"त्याला कळवलं का हो?" काकूंनी विचारलं.

"कळलंय त्याला."

"मग?"

"मग काय." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "रोज येतो, कागद बघतो, आणि जातो. आईला काय झालंय ते वाचून बी त्याला बोलावंसं वाटंना, तर आपुन काय करायचं."

काकू नेहमीसारखं काहीतरी टोचून बोलतील असं मला वाटलं. त्यांनी फक्त टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली.

मम्मीनं कंबरेचा फोन काढला आणि फडताळावर, डब्यांच्या मागं ठेवला.

"मम्मी, फोन लागेल तिकडं," मी म्हणाले.

"कशाला? कुणाचा येणार हाय. राहू दे घरीच."

ती पिशवीची चेन लावायला लागली. चेन मधेच अडकली. ती ओढत राहिली, मागं-पुढं, आणि तिचे डोळे भरले नव्हते, कोरडेच होते, म्हणून मला जास्त भीती वाटली. हे ओझं घेऊन ती ऑपरेशनच्या टेबलावर जाणार होती, आणि ते मी तिला दिलं होतं, रोज सकाळी एक-एक शब्द करून.

मी फडताळावरून फोन काढला. काकू तिथंच होत्या, पप्पा दारात चपला घालत होते, सगळ्यांना ऐकू जाणार होतं. मी वाक्य आधी तयार केलं नाही.

"मम्मी, त्यानं कागद वाचलाच नाही. दीड वर्षाच्या वर झालं, तो मशीनवर आलेला नाही. तो आवाज मशीनचाच होता, आणि आवाज बंद झाल्यावरचं सगळं मी खोटं सांगितलं. तुझी शपथ मी मोडतेय. त्याला काही माहीत नाही ग. मी आता नंबर लावते, तू बोल."