अण्णांचा खांदा आणि माझी नक्कल

आमचे वडील, म्हणजे अण्णा, सोलापुरात एका शाळेत भूमिती शिकवायचे. वर्ष होऊन गेलं, त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. हेडमास्तरांनी सांगितलं, दिवाळीनंतरही फळ्यावर लिहिता आलं नाही तर वर्ग दुसऱ्याला देऊ, तुम्ही कचेरीत बसा. घरी अण्णांनी ही गोष्ट लपवली. पण जेवताना त्यांनी मला एकदाही झापलं नाही, यावरनं आईनं ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

मी तेव्हा मॅट्रिकला दोनदा आपटून तिसऱ्यांदा बसायच्या बेतात. अभ्यास सोडून सगळं यायचं. अण्णांची नक्कल तर हुकमी. मान डावीकडं, दात आवळलेले, डाव्या हातानं उजवं कोपर ढकलत खडू फळ्याकडं न्यायचा. दोस्त हसून लोळायचे.

आईच्या भुणभुणीनं अण्णा एकदाचे भवानी पेठेतल्या एका म्हाताऱ्या विणकराकडं गेले. सोबत मी. जन्मभर मागावर धोटा फेकून म्हाताऱ्याचेच खांदे गेले होते. ते चोळता चोळता तो दुसऱ्यांचे चोळायला शिकला. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, तीही तेलुगूच्या चालीवर. त्याची रीत एकच. कोमट करडईचं तेल लावून अंगठा रुतवत जायचं, आणि दुखलं तिथं माणसानं ओरडायचं. ओरडला की तिथंच कोपरानं हळूहळू भार टाकायचा.

अडचण अशी, की म्हाताऱ्याचा थोरला मुलगा अण्णांचा जुना विद्यार्थी, आणि तो तिथंच मागावर बसलेला. त्याच्यासमोर मास्तरांनी ओरडायचं कसं? चार दिवस अण्णा दगडासारखे बसले. दुखतंय का विचारलं की म्हणायचे, ठीक आहे. म्हातारा बिचारा नुसताच खांदा चोळत राहिला. पाचव्या दिवशी त्यानं तेलाची वाटी बाजूला सारली.

"मास्तर, तुमी बोलंना, माझ्या बोटाला कळंना. उद्या येऊ नका."

अण्णा सदरा उचलायला वाकले. मला काय झालं कोण जाणे, मी उठलो आणि सुरू केली की नक्कल. मान, दात, कोपर, खडू. वर सकाळी कोट चढवताना दाराआड निघणारा तो दबका "आं गं" पण. मागाचा खटखटाट थांबला. मी गाल तयार ठेवला.

म्हातारा हसला नाही. म्हणाला, "परत कर. हळू."

मी परत केली. त्यानं माझीच पाठ चाचपली, कुठं आखडते ते बघितलं, आणि वळून अण्णांच्या खांद्यामागच्या खवाट्याखाली, मणक्याच्या अंगाला अंगठा रोवला. खांद्यापासून वीतभर लांब. अण्णा असे ओरडले की शेजारच्या घरातला माग पण थांबला.

"सापडली गाठ," म्हातारा म्हणाला.

परतताना अण्णांनी स्वतःची मान चाचपून बघितली. मग म्हणाले, "मी असा दिसतो?"

"व्हय."

"वर्गातली पोरंही करतात?"

"करतात की. पण त्यांना एवढी जमत न्हाय."

अण्णा हसले, आणि हसताना पाठीत चमक येऊन भर रस्त्यात परत ओरडले.

मग रोज ओरडायला जाणं सुरू झालं. दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा मी खिडकीतनं बघितलं. मान अजून जरा वाकडीच. पण हात डोक्याच्या वर गेला आणि त्यांनी त्रिकोण काढला. बुटकाच निघाला, तरी शेवटच्या बाकावरनं दिसत होता. वर्ग अण्णांकडंच राहिला.

संध्याकाळी दोस्तांनी नक्कल मागितली. मी मान वाकडी केली, कोपर ढकललं. कुणी हसेना.

"बिघडली राव तुझी," एक जण म्हणाला. "मास्तर आता असं कुटं करतात?"

लई बरं वाटलं.