आत्यांनी वजीर घरात ठेवला

माझ्या बायकोच्या आत्यांनी आयुष्यात एखादी गोष्ट हळू केली, असं सांगणारा माणूस रायपुरात मला अजून भेटायचा आहे. त्या रेल्वेच्या बुकिंग ऑफिसात होत्या. त्यांच्या खिडकीपुढची रांग म्हणे इतक्या झपाट्याने सरकायची, की मागच्या माणसाला कुठे जायचं ते ठरवायला सवड मिळत नसे. लग्नात मंगलाष्टकांच्या पहिल्याच 'सावधान'ला त्या मुठीतल्या सगळ्या अक्षता उधळून मोकळ्या होतात आणि उरलेला वेळ रिकाम्या हाताने भटजींकडे रोखून बघत उभ्या राहतात. जेवायला बसल्या की आधी श्रीखंड, मग वरणभात. सिनेमा लागला की शेजारच्याला पहिला प्रश्न, "कोण मरते शेवटी?" एकदा मी त्यांना साडीच्या दुकानात घेऊन गेलो होतो. दुकानदार तिसरी घडी उलगडेपर्यंत आत्यांनी पहिल्या दोन विकत घेतल्या होत्या, त्यातली एक दुकानदाराच्याच बायकोला देऊन टाकली होती, आणि वर मलाच म्हणाल्या, "जवाईबापू, तुम्ही फार टाइम लावता बुवा!" मी तोपर्यंत चपलाही नीट काढल्या नव्हत्या.

अशा या आत्यांनी एका सकाळी सहा वाजता चौबे कॉलोनीतल्या आमच्या घराचं दार ठोठावलं. काखेत बुद्धिबळाचा पट, हातात पिशवी. मी शहराबाहेर उरल्याला, कारखान्यांच्या वसाहतीत, एका लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये शिफ्टचं वेळापत्रक बघतो, त्यामुळे मला साडेसातला निघायचं असतं. मी दात घासत दार उघडलं. आत्या आत शिरल्या, टीपॉयवरचं सगळं सामान सोफ्यावर ढकललं, पट मांडला आणि म्हणाल्या, "बसा. मी लंडन नावाची मांडणी शिकून राहिली. एकदम सॉलिड आहे. याच्यात काहीच होत नाही."

मी तोंडातल्या फेसासकट उभाच राहिलो. ज्या बाईने आयुष्यभर काही ना काही घडवल्याशिवाय पाणीसुद्धा प्यायलेलं नाही, ती आपणहून काहीच न होणारी गोष्ट शिकायला निघाली होती. मला वाटलं, यांना बरं नाही.

कारण आत्यांचा खेळ मला ऐकून चांगला माहीत होता. दुसऱ्या चालीला वजीर बाहेर. "वजीर काय घरात भाकऱ्या थापाले दिला आहे का?" हा त्यांचा सवाल. चौथ्या चालीला वजीर शत्रूच्या घरात एकटा, सहाव्याला घोडा दान, आणि दहाव्याला वजीर बिचारा पटाबाहेर चहाच्या कपाशेजारी आडवा. मग आत्या उरलेल्या सैन्यानिशी असा काही हल्ला चढवायच्या की बघणाऱ्याला वाटावं, जिंकताहेत याच. हा खेळ त्या पन्नासेक वर्षं दर रविवारी तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरी आपल्या थोरल्या भावाशी, म्हणजे माझ्या सासऱ्यांशी, खेळत होत्या. आणि पन्नासेक वर्षांत एकदाही जिंकल्या नव्हत्या. एकदाही नाही. हे मला लग्नानंतर कळलं तेव्हा मी बायकोला म्हणालो, "चुकूनसुद्धा नाही?" ती म्हणाली, "चुकायला बाबांनी काही करायला तर पाहिजे."

ते खरंच होतं. माझे सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. केळंसुद्धा सुरीने चकत्या करून खाणारे गृहस्थ. त्यांना बाहेर निघायचं असलं की सासूबाई अर्धा तास आधी सांगतात, म्हणजे चपला वेळेवर पायात येतात. पटावर ते काहीही करत नसत. नुसते बसून राहत, आणि आत्या येऊन त्यांच्यावर आपटत. आत्यांनाही हे कळत होतं. "भाऊ मले हरवत नाही ना," त्या म्हणायच्या, "मी हरतो अन् तो पाहून राहते."

आता सासरे रायपूर सोडणार होते. माझ्या मेहुण्याने पुण्यात मोठा फ्लॅट घेतला होता आणि दिवाळीनंतर आईवडिलांना कायमचं तिकडे नेणार होता. तात्यापाऱ्यातलं घर रिकामं होणार, रविवार बंद होणार. बातमी कळल्यावर दुसऱ्या दिवशी आत्यांनी जाहीर केलं, "भाऊ जायच्या आधी मले एक डाव जिंकायचा आहे. फक्त एक." आणि मग फोनवरच्या व्हिडिओत त्यांना एक हिंदी बोलणारा मास्तर सापडला. तो म्हणत होता, पाठांतर नको, डोकेफोड नको, काळा काहीही खेळो, आपली मांडणी तीच. आणि ही लंडन मांडणी पांढऱ्यासाठी. तेवढं पुरेसं होतं, कारण हरणाऱ्याने पुढच्या डावात पांढरे घ्यायचे असा त्यांच्या घरचा नियम होता.

तर त्या सकाळी मी तोंड धुऊन समोर बसलो. आत्यांनी वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. मग उंट काढला. मग राजापुढचं प्यादं एक घर. मग घोडा. या चारही गोष्टी मी माझ्या प्याद्याला हात लावायच्या आत झाल्या. आत्या हाताची घडी घालून मागे टेकल्या. "तुमची पाळी."

"आत्या," मी चाचरत म्हणालो, "एका वेळी एकच चाल असते."

"काहून?"

खरोखरच त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या वडिलांनी घरात जो जुना देशी खेळ शिकवला होता, त्यात सुरुवातीला दोघांनी सलग चार-चार चाली करून फौज लावून घ्यायची आणि मग लढाई. भावाबहिणींनी जन्मभर तसंच खेळलं. मी म्हणालो, फोनवरचा मास्तर एकेक चाल खेळत नव्हता का? आत्या म्हणाल्या, "तो समजावून सांगून राहिला होता म्हणून हळू खेळला. अन् मले सांगा, काळा काहीही खेळो, आपण हेच खेळायचं ना? मंग वाट कायले पाहायची?" तरी मी हट्टाने एकेक चाल खेळायला लावली. त्या कबूल झाल्या, पण माझ्या चालीकडे बघायला तयार होईनात. मी एक प्यादं पुढे ढकलून त्यांच्या उंटावर नेम धरला, त्यांनी शांतपणे दुसरंच प्यादं सरकवलं. मी उंट उचलला. आत्या हतबुद्ध. "हे मास्तरनं नव्हतं सांगितलं!" आणि फोनकडे अशा रागाने बघितलं की मास्तर समोर असता तर त्याचं काही खरं नव्हतं.

पण बाई शिकल्या. रोज सहाला पट, सव्वासातला गुंडाळून परत. मला नवल वाटायचं ते त्यांच्या समजावून सांगण्याचं. "उंट अगोदर आंगणात काढायचा, मंग दार लावायचं. आधीच दार लावलं तं उंट घरातच घुसमटते." तीन प्यादी त्रिकोणात उभी केली की त्या म्हणायच्या, "झाली चूल. आता याच्यावर काहीही शिजवा." सगळ्यात अवघड होतं ते वजिराला घरी बसवणं. त्यांचा उजवा हात आपोआप वजिराकडे जायचा. शेवटी त्या उजव्या हातावर बसून डाव्या हाताने खेळू लागल्या. तोंड चालू राहिलं की हात सुटतो म्हणून दाढेखाली लवंग धरायच्या. रविवारी भावाकडे मात्र जुन्याच पद्धतीने हरून यायच्या, त्याला पत्ता लागू नये म्हणून. आत्यांनी एखादी गोष्ट पोटात ठेवली, यावर मी बायकोला शपथेवर सांगूनही तिचा विश्वास बसला नाही.

हळूहळू हा सॉलिडपणा पटाबाहेर सांडायला लागला आणि आमच्या घरात घबराट पसरली. रिक्षावाला भाडं सांगत होता आणि आत्यांनी त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं. चहा गाळून होईपर्यंत त्या थांबल्या. नात्यातल्या एका लग्नात तर मंगलाष्टकं संपली तरी आत्यांच्या मुठीत अक्षता शिल्लक होत्या! माझ्या बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. एका चुलतसासूबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "काही तपासणीत निघालं का हो?" मी काय सांगणार? मी म्हणालो, लंडन. त्या आणखीच घाबरल्या.

शेवटचा रविवार उजाडला. तात्यापाऱ्याच्या घरात खोकी बांधून झाली होती, खुर्च्याही गेल्या होत्या. एका खोक्यावर पट ठेवला. दोघं सतरंजीवर बसले, मी भिंतीला टेकून. आत्या म्हणाल्या, "भाऊ, आज एकेक चाल खेळू." सासऱ्यांनी चष्मा वर केला. "काहून?" "असंच." प्यादं, उंट, प्यादं, घोडा. आत्या उजव्या हातावर बसल्या होत्या. राजा कोपऱ्यात नेऊन बसवला. सासरे वजिराची वाट बघत होते. वजीर येईना. त्यांनी पटाकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, जणू मीच काही कालवलं होतं. "तुही तब्येत बरी आहे ना वं?" त्यांनी विचारलं.

"तू खेळ."

दीड तास काहीही झालं नाही. मी शपथेवर सांगतो, इतकी भयंकर शांतता मी उरल्यात वीज गेल्यावरही ऐकलेली नाही. सासूबाईंनी ठेवलेला चहा दोनदा गार झाला. दोन थांबणारी माणसं समोरासमोर बसली होती, आणि त्यातल्या एकाला समोरच्याने थांबण्याची सवयच नव्हती. सासरे चुळबुळू लागले. त्यांनी मांडी बदलली. आणि मग मी जे पाहिलं ते माझ्या सासूबाईंना अजून पटलेलं नाही: माझे सासरे हल्ल्याला निघाले. पटाच्या पलीकडच्या बाजूला आत्यांचं एक फुकटचं प्यादं होतं, ते खायला त्यांनी राजाजवळचा घोडा हलवला. झटकन हलवला. त्या घोड्याच्या भरवशावर उभं असलेलं कोपऱ्यातलं प्यादं उघडं पडलं, आणि त्याच्यावर मधल्या वेळात गुपचूप दोन घरं पुढे आलेला आत्यांचा वजीर आणि वजिरामागचा उंट दोघंही नेम धरून होते. एका चालीत मात.

मला दिसलं. आत्यांनाही दिसलं. त्यांनी उजवा हात बाहेर काढला, वजिरावर नेला, आणि तो हात तिथेच थांबला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "चाल वापस घे."

सासरे पटावर वाकले. पाच मिनिटं बघत राहिले. मग ताठ बसले. "नाही घेत."

"घे ना. मी कोणाले नाही सांगणार. जवाईबापूही नाही सांगणार."

"घोडा म्या हलवला. तू खेळ."

आत्यांनी ते प्यादं उचलून तिथे वजीर ठेवला. सासरे म्हणाले, "बरोबर आहे." त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, मला तर वाटतं थोडं कौतुकच होतं. पण आत्या ओरडल्या नाहीत, नाचल्या नाहीत. त्या लहान पोरीसारख्या ढसाढसा रडायला लागल्या. "मले वाटे," हुंदक्यांमधून त्या म्हणाल्या, "मी जिंकेपर्यंत तू कुठंच जात नाही."

इतकी वर्षं मी या बाईला हसत आलो होतो, त्याची मला त्या क्षणी फार लाज वाटली. सासऱ्यांनी बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. आम्ही निघालो तेव्हा पट कुणी आवरला हेही मला आठवत नाही.

गुरुवारी आम्ही त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. बायको आईला घेऊन आत सामान लावत होती. सासरे खिडकीशी बसले होते, आत्या फलाटावर गज धरून. दोघंही पाण्याच्या बाटलीविषयी, डब्यातल्या पोळ्यांविषयी बोलत होते. बायको खाली उतरली आणि गाडीने पहिला हिसका दिला, तेव्हा सासरे एकदम पुढे वाकले. जन्मात त्यांनी धाकट्या बहिणीला काही विचारलं नसेल. ते म्हणाले, "काय वं, तुह्या त्या मांडणीले उत्तर काय असते? काळ्यानं काय खेळावं?"

आत्या गाडीबरोबर चालू लागल्या. "नाही सांगत! वापस ये, मंग सांगीन!"

"फोनवर सांग!"

"फोनवर नाही समजत ते! पट लागते!"

गाडी गेली. परत येताना बायको वाटेत तिच्या मैत्रिणीकडे उतरली, आणि पुढे रिक्षात मी आणि आत्या दोघंच होतो. मला राहवलं नाही. मी विचारलं, "आत्या, मलाही सांगणार नाही का? काय उत्तर आहे त्याचं?"

आत्यांनी पदराने डोळे पुसले आणि बाहेर बघत म्हणाल्या, "मले कुठं माहीत, जवाईबापू?" मग जरा काळजीनेच, "पण तो येईन. उद्या सहाले बसू आपण. तो यायच्या आत पाहून ठेवा लागन."