गाभण म्हैस आणि बंद मशीन

आमच्या घरात झाडं कापायचं एक जुनं मशीन आहे आणि ते चालू होत नाही, या एकाच आधारावर माझं आयुष्य सुखात चाललं होतं.

वडिलांनी ते जुन्या बाजारातून आणलेलं. पेट्रोलवर चालणारं, दोरी ओढून सुरू करायचं, आणि पुढं हातभर लांब पट्टीवर दात्यांची साखळी. वडील गेले आणि मशीन माझ्या वाट्याला आलं. (धाकट्या भावाच्या वाट्याला मोटारसायकल आली. तो लहानपणापासूनच नशीबवान.) मी पतसंस्थेत कारकून. कात्रीसुद्धा टोक पलीकडं करून धरणारा माणूस. त्या मशीनची दोरी मी ओढायचो ती फक्त कुणी बघत असलं तरच. ते गप्प राहायचं. मग मी गंभीर चेहऱ्यानं "इग्निशन गेलंय," असं जाहीर करायचो आणि आत जाऊन पोटभर जेवायचो.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी वळवाचं वारं सुटलं आणि गोठ्यावरच्या गुलमोहराची मोठी फांदी कडाडून मोडली. पूर्ण मोडली असती तरी बरं झालं असतं. ती थोड्याशा सालीवर लटकून पत्र्याच्या वर हेलकावे घ्यायला लागली. पत्र्याखाली आमची म्हैस चंद्री बसलेली. दिवस भरलेले, आज व्यायची की उद्या अशी अवस्था, आणि बसली ती बसलीच. आईनं गूळ दाखवला, पेंड दाखवली. मी शेपूट पिरगाळायला गेलो तर आईनं माझाच हात पिरगाळला.

"वडाताण करू नगंस. पोटात रेडकू हाय."

"मग काय करायचं?"

"म्हैस हालत न्हाई तर फांदी काढ. मशीन आण की तुझ्या बापाचं."

"आई, त्याचं इग्निशन गेलंय."

"मग दुसरं घाल. जा."

मी आधी फोन लावले. लाकूड तोडणारा माणूस कागलमध्ये अडकला होता, अंधार पडायच्या आत येतो म्हणाला. वर फांदी करकरली. आईनं चंद्रीचं दावं खुंट्यावरून सोडलं, मनगटाला गुंडाळलं आणि तिच्या शेजारी फतकल मारली.

"आई, तू तरी बाहेर ये."

"हिला टाकून मी येत न्हाई. तू काप."

इतका वेळ पत्र्याखाली म्हैस होती, आता आईही होती.

एवढ्यात कुंपणावरून शेजारचा बाजीदा आला. बाजीदा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत कामाला आहे. तिथल्या कॅन्टीनमध्ये. पण रोज त्या गेटातून आत जातो म्हणून आमच्या गल्लीत इंजिनिअर म्हणून त्यालाच धरतात.

"प्लग काढ," तो म्हणाला. मी काढला. प्लग ओला होता. "म्हंजे पेट्रोल येतंय. करंट न्हाई. आता प्लगला वायरची टोपी बसव आणि मशीनच्या धातूला टेकवून धर. मी दोरी ओढतो. ठिणगी पडती का बघू."

"मी धरू?"

"मग काय म्हशीला बोलवू?"

"पक्कड आणतो मी."

"कशाला? धर की बोटात. करंट न्हाईच म्हंतोय न्हवं मी."

शेजारी पेट्रोलचा उघडा डबा, माझ्या पायजम्यावर त्याचाच शिडकावा, आणि आम्ही ठिणगी शोधत होतो! माझी बायको वैशाली हे सगळं पायरीवरून बघत होती. तिनं खाली येऊन डबा उचलला, झाकण लावलं आणि लांब नेऊन ठेवला.

बाजीदानं दोरी ओढली. ठिणगी नाही. मग त्यानं वैशालीच्या स्कूटरचा प्लग काढून आणला. ठिणगी नाही. (स्कूटरही आता बंद.) मग बाजूचं झाकण काढून आतल्या चाकावरचं लोहचुंबक पॉलिशपेपरनं घासलं. तरी नाही. दर वेळी दोरी ओढली की मला वाटायचं आता हे चालू होणार आणि माझे हात जाणार. चालू झालं नाही की फांदी करकरायची, मग वाटायचं आता आई जाणार. देवाकडं नक्की काय मागावं तेच कळेना.

वैशाली वाकून मशीनकडं बघत होती. "अहो, ही तार कसली?"

वरच्या झाकणाच्या फटीतून एक बारीक तार आत गेली होती. झाकण काढलं तर तिचं टोक बंद करायच्या बटणाच्या जोडणीत रुतलेलं आणि बाकीची तार मशीनच्या अंगाला गुंडाळलेली. म्हणजे बटण कुठंही करा, मशीन आपलं कायम बंद. सगळा करंट त्या तारेतून परस्पर अंगात जिरत होता. तारेवर वाळलेल्या झेंडूचं एक देठ अजून लोंबत होतं.

आम्ही तिघांनी गोठ्याकडं बघितलं.

"माझीच हाय ती," आई आतून म्हणाली. "दोऱ्यातला हार तुटतोय म्हणून खंडेनवमीला तारंत ओवला. पक्का बसावा म्हणून टोक आत खोवलं."

खंडेनवमीला आमच्याकडं कोयत्यापासून मिक्सरपर्यंत सगळ्याची पूजा होते. फुलं झडली, तार राहिली.

"काकी, म्हंजे तुमीच बंद पाडलंय की मशीन," बाजीदा म्हणाला.

"देवाच्या हारानं कुणाचं वाईट झालंय व्हय कधी?"

मला तिचं म्हणणं शंभर टक्के पटलं. इतके दिवस त्या हारानंच मला सांभाळलं होतं. पण वैशालीनं तार उपसून काढली आणि बाजीदानं कसलीही सूचना न देता दोरी ओढली. प्लग अजून माझ्या बोटांत होता. ठिणगी पडली का ते मला दिसलं नाही, कारण मी हौदाला पाठ लावून बसलो होतो आणि तिथवर कसा पोचलो ते आठवत नव्हतं.

"करंट हाय," बाजीदा म्हणाला.

प्लग बसवला. मशीन गोठ्याच्या दारात ठेवलं. वर फांदी आणखी वीतभर खाली आली आणि पत्रा वाजला. आईनं चंद्रीच्या मानेभोवती हात टाकला. मी डोळे मिटून दोरी ओढली.

ते चालू झालं!

आवाज असा की माझे दात वाजायला लागले. निळा धूर, थरथरणारी साखळी, आणि ते सगळं माझ्या हातात. मी ते अलगद खाली ठेवलं. (बाजीदा म्हणतो, फेकलं.) आणि मी पळालो. कुंपणातून बाहेर, गल्लीतून सरळ, चप्पल नाही, काही नाही. मागून धडधड आवाज येत होता, म्हणून मी आणखी जोरात पळालो.

कळंबा तलावाच्या वळणावर दम संपला तेव्हा वळून बघितलं. मागं मशीनच्या आवाजानं उधळलेली चंद्री होती आणि तिच्या मागं दाव्याला धरून पळणारी आई. तिकडं गोठ्यावर फांदी पडल्याचा आवाज आम्हाला इथवर आला. पत्रा, खांब, गव्हाण, सगळं सपाट. चंद्री दुसऱ्या दिवशी सकाळी व्याली. रेडी झाली, धडधाकट.

आता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आई सांगते, "म्हैस काय केल्या उठंना, तवा माझं लेकरू पुढं पळून वाट दावाय लागलं. त्याच्या मागनं आमी आलो म्हणून वाचलो." पाहुणे माझ्याकडं आदरानं बघतात. मी मान खाली घालतो. मागून मशीनच माझा पाठलाग करतंय असं समजून मी पळत होतो, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार?