दोन पानांचं स्वगत
आमच्या हडपसरच्या कारखान्यातल्या नाटकांची रंगभूषा करणारे काका नसते, तर मी दुसरी एकांकिका लिहिलीच नसती. मिशा चिकटवायच्या डिंकाचा उग्र वास आला की कँटीनमधलं ते एकांकिकांचं वाचन आठवतं. स्पर्धेसाठी प्रसंग ठरवून दिला होता: मुलगा गेल्याचं पत्र बापाला येतं. लिहिणारे दोघंच, सातवीत शाळा सोडून चंद्रपूरहून आलेला मी आणि हिशेब खात्यातला बी.ए. झालेला कारकून. माझ्या एकांकिकेतला बाप प्रेक्षकांकडे तोंड करून दोन पानं स्वगत बोलला, तेव्हा कुणीतरी चहा मागवला. त्याचा बाप पत्र वाचून नुसता घड्याळाला किल्ली देत राहिला, आणि आलेला चहा कुणी उचललाच नाही. त्याचीच एकांकिका निवडली. माझा नुसता जळफळाट. "बापाला एक वाक्य नाही, हे कसलं लेखन?" काका एक खोटी मिशी विंचरत होते. "अहो, तुमचा बापच एवढा रडतो, प्रेक्षकांना काही शिल्लक ठेवाल की नाही?" मग हळूच म्हणाले, "आई गेल्याची तार आली तेव्हा तुम्ही काय केलंत?" "घडी करून डब्यात ठेवली. शिफ्ट सुरू व्हायची होती." "मग तेवढंच लिहा." ते लिहिलं, आणि पुढच्या वर्षी माझी निवडली गेली. कारकुनाला मात्र ते कुणी न सांगता सुचलं होतं, याचा हेवा आजही वाटतो. काका अजून दुसऱ्यांचेच चेहरे रंगवतात, स्वतः कधी उजेडात आले नाहीत. एक दिवस त्यांच्यासाठी भूमिका लिहीन, आणि तिला एकही वाक्य देणार नाही.