मास्तरांची पायपेटी, माझं शिलाई मशीन

नीट श्वास घेता येणारा माणूस अख्ख्या महाड तालुक्यात एकही नाही, असं आमच्या बिरवाडीच्या चाळीतल्या शेजारच्या मास्तरांचं ठाम मत होतं. ते मूळचे वसईचे. कारखान्यात बॉयलर सांभाळायचे आणि रविवारी पाच-सहा ख्रिस्ती कुटुंबं त्यांच्या पुढच्या खोलीत प्रार्थनेला जमली की पायपेटी वाजवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. खालच्या दोन फळ्या दोन पायांनी आळीपाळीने दाबून भाता भरायचा आणि वर बोटांनी वाजवायचं, अशी ती पेटी. पावसाळ्यात तिच्या पट्ट्या फुगत, म्हणून मास्तर तिच्या पोटात बल्ब पेटता ठेवून स्वतः अंधारात जेवायचे. मी एक जास्तीचा बल्ब नेऊन दिला, तर तोही पेटीतच गेला.

बॉयलर, पेटी आणि माणूस यांत त्यांना फरक दिसत नसे. दाब कमी-जास्त झाला की तिन्ही बिघडतात, म्हणायचे. एकदा आम्ही चाळकरी एसटीने महाबळेश्वरला निघालो होतो. आंबेनळी घाटाच्या दर वळणावर मास्तर ड्रायव्हरला सांगत राहिले, की गिअर बदलताना तुम्ही गाडीचा श्वास मोडता. शेवटी कंडक्टर म्हणाला, "बाबा, गाडी हाय ही, भजन नाय." मास्तरांना राग आला नाही. याला शिकवणारा भेटला नाही, एवढंच ते हळहळून म्हणाले.

लहानपणी वसईच्या चर्चमध्ये त्यांना वर्षभर पट्टीला बोट लावू दिलं नव्हतं. नुसते पाय मारायचे. तोच नियम त्यांनी इथे चालवला. कारखान्यातले तिघे पाळी संपवून शिकायला आले आणि पाय मारता मारता पेटीवर डोकं टेकून झोपले. उरली एकच शिष्या, कारखान्याच्या दवाखान्यातली नर्स रोझी. तिची बोटं हुशार, पण पाय चार ओळींत थकायचे. इकडे नाताळनंतर मास्तर निवृत्त होऊन वसईला जाणार होते, आणि महिन्यातून एकदा येणाऱ्या फादरनी सांगून टाकलं होतं, की वाजवणारं कोणी नसेल तर चर्चची ही पेटी दुसऱ्या गावाला द्यावी लागेल.

मास्तर माझ्या दारात आले. "बाई, भिंतीपलीकडून तुमचं मशीन रोज ऐकतो. परकराचा अख्खा घेर होतो, पण पाय अडखळत नाही. हिला पाय शिकवा."

मी शिवणाचे वर्ग घेत असे. लगेच दोन महिन्यांचं वेळापत्रक करून भिंतीला लावलं. सोमवारी सरळ टीप, बुधवारी गोल, शनिवारी न थांबता अख्खी चादर. तोवर पेटीला हात लावायचा नाही, हा मास्तरांचा नियम. बोटांचा सराव कागदावर काढलेल्या पट्ट्यांवर. रोझीने एकोणीस अभ्रे शिवले. शेवटच्या आठवड्यात कारखान्यात बॉयलर दुरुस्तीला उघडला आणि मास्तर तिकडे अडकले, त्यामुळे तालीम राहिली ती राहिलीच.

नाताळच्या सकाळी रोझी पेटीवर बसली आणि दुसऱ्याच ओळीला माझी चूक मला कळली. मशीनला खाली एकच फळी असते, त्यावर दोन्ही पाय एकदम हलतात. रोझी पेटीच्या दोन्ही फळ्या एकदम दाबत होती आणि एकदम सोडत होती. सूर उठायचा, ओळीच्या मधेच विरायचा, पुन्हा उठायचा. घाट चढणाऱ्या माणसासारखं गाणं धापा टाकत होतं. लोक गोंधळले. फादरनी मास्तरांकडे पाहिलं. रोझीचे डोळे भरले, पण पाय चालूच राहिले. मग मास्तर उभे राहिले आणि पेटी जिथे थांबेल तिथे थांबत, मोठ्याने गाऊ लागले. तिसऱ्या कडव्याला सगळी खोली त्यांच्याबरोबर थांबत होती.

प्रार्थना संपल्यावर फादरनी विचारलं, "मास्तर, ही चाल कुठली?"

"बिरवाडीची, फादर. गावागणिक गाण्याची रीत वेगळी असते."

फादर हसले. पेटी इथेच राहू द्या, म्हणाले. रोझी मास्तरांपुढे येऊन पुटपुटली, की सगळं चुकलं.

"पाय थांबले का गो तुझे? नाय ना? मग बाकीचं आठवड्यात बसेल."

आठवड्यात ते बसलंही. मास्तर वसईला गेले, त्यांची खोली रोझीनेच घेतली. पण लोकांना सवय लागली होती. आता पेटी एकसारखी वाजते, तरी नाताळच्या त्या गाण्यात सगळे नेमक्या त्याच जागी थांबतात आणि रोझीही थांबते. एकदा मास्तरांचं पोस्टकार्ड आलं: अजून श्वास कुठे कुठे घेतात? मी ओळवार यादी करून पाठवली. त्यानंतर त्यांचं पत्र आलं नाही. पुढे वसईहून ते वारल्याची बातमीच आली.

डिसेंबरात भिंतीपलीकडे ते गाणं सुरू होतं, तेव्हा मी मशीनवर असते. त्या जागा आल्या की माझेही पाय थांबतात.